भरलेली भेग : द्रवधातूने येणारा ठिसूळपणा आणि त्याचे मोजमाप

माजी विद्यार्थी मेळाव्याच्या पंगतीत एका पालकांनी आम्हांस विचारले, "तुम्ही दोघे कारखान्यात नेमके करता तरी काय?" आम्ही म्हणालो, "भेगा मोजतो." गृहस्थ हसले. भेग पडलेली वस्तू भंगारात टाकायची असते. तीत मोजण्यासारखे काय असणार, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो रास्तच होता. वाढप चालू असताना त्याचे धड उत्तर देता आले नाही. पुढे संपादक मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला, तेव्हा ते राहिलेले उत्तर येथेच लिहावे असे ठरले.

आम्ही दोघे याच वसतिगृहात एका तुकडीत वाढलो. पुढे आयटीआय, पदविका असे टप्पे घेत धातूंच्या परीक्षणाच्या कामात स्थिरावलो. सातपूर आणि अंबड येथील औद्योगिक वसाहतींत आपल्या शाळेचे शेकडो विद्यार्थी आज कामाला आहेत. कोणी वेल्डर आहे, कोणी फिटर, कोणी क्रेन चालवतो. ते ज्या खांबांखाली, ज्या पत्र्यांखाली आणि ज्या टाक्यांशेजारी दिवस काढतात, त्यांच्या पोटात भेग आहे की नाही हे सांगणे आमच्या वाट्याचे काम.

या कामात एकदा आमची मोठी चूक झाली. काही वर्षांपूर्वी एका ठिकाणचे गॅल्व्हनाइझ केलेले, म्हणजे वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, जाड पोलादी ब्रॅकेट आमच्याकडे तपासणीस आले. आम्ही त्यांवर 'डीपी' केली. या चाचणीत पृष्ठभागावर लाल रंगाचे पातळ द्रव्य लावतात. भेग असेल तर ते आत शिरते. मग वरचे पुसून पांढरी भुकटी फवारली की भेगेतला रंग बाहेर येऊन लाल रेघ उमटते. एकाही नगावर रेघ उमटली नाही. आम्ही 'भेग आढळली नाही' असा अहवाल दिला आणि खाली सही केली. जागेवर बोल्ट आवळताना त्यांतला एक ब्रॅकेट कोपऱ्यापासून तुटला. खाली उभा असलेला मदतनीस मुलगा हातभर अंतराने वाचला. तुटलेला तुकडा आमच्यासमोर ठेवला गेला तेव्हा भंगाची निम्मी बाजू करड्या पोलादाची, तर निम्मी चांदीसारखी चकाकत होती. ती चकाकी जस्ताची होती. याचा अर्थ भेग आधीच पडलेली होती, जस्ताच्या कुंडातच पडली होती आणि पडता पडताच जस्ताने भरून गेली होती. रंगाला आत शिरायला जागाच नव्हती.

या प्रकाराला धातुविज्ञानात द्रवधातूने येणारा ठिसूळपणा म्हणतात. एरवी वाकणारा, लांबणारा, मार सोसणारा धातू दुसऱ्या एखाद्या वितळलेल्या धातूने ओला झाला आणि त्याच वेळी ताणाखाली असला, की काचेसारखा तडकतो. ओला हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला आहे. अळवाच्या पानावर पाणी थेंबाथेंबाने घरंगळते आणि मातीच्या मडक्यावर पसरते. तसेच द्रवधातूही काही धातूंवर घरंगळतात, काहींवर पसरतात. पसरला नाही तर सहसा अपाय होत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेत दाखवता येईल असे याचे सर्वांत सोपे उदाहरण गॅलियम या धातूचे. तो २९.७६ अंश सेल्सियसला वितळतो. तळहातावर ठेवला तर विरघळल्यासारखा पातळ होतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत नाशिकच्या बंद कपाटातही कुपीत पातळच सापडतो. ॲल्युमिनियमच्या पट्टीवर ऑक्साइडचा अगदी पातळ, डोळ्यांना न दिसणारा थर असतो. तो जागेवर खरवडायचा, त्यावर गॅलियमचा थेंब ठेवायचा आणि काही तास थांबायचे. वरून पट्टी जवळपास जशीच्या तशी दिसते. हातात घेऊन वाकवायला गेले की ती शिळ्या भाकरीसारखी तुटते.

असे का होते? धातू सलग दिसला तरी तो असंख्य बारीक कणांचा बनलेला असतो. दोन कणांमधल्या सीमेला कणसीमा म्हणतात. दगडी भिंतीत दोन दगडांमधला सांधा असतो तशी ही सीमा. भिंत कोसळते ती बहुधा सांध्यातून. गॅलियमचे अणू ॲल्युमिनियमच्या कणसीमांत शिरतात आणि कणाकणांमधली पकड सुटते. फ्रान्समधील ग्रेनोबल येथील सिंक्रोट्रॉनच्या तीव्र क्ष-किरणांनी संशोधकांनी हे शिरकाव करणारे गॅलियम ॲल्युमिनियमच्या आतमध्ये प्रत्यक्ष टिपले आहे. सर्वच जोड्यांत भेग कणसीमेतूनच जाते असे नाही, आणि भेगेच्या टोकाशी द्रवाचे अणू नेमके काय करतात याविषयी तज्ज्ञांत आजही एकमत नाही. मूळ कल्पना मात्र सर्वांना मान्य आहे. भेगेच्या टोकाशी धातूपुढे दोन वाटा असतात. एक, तेथे थोडे सरकून, पसरून टोक बोथट करायचे. दुसरी, अणूंमधली बांधणी तोडून भेग पुढे सरकू द्यायची. तन्य धातू पहिली वाट धरतो. द्रवधातू दुसरी वाट स्वस्त करून ठेवतो.

कोणता द्रव कोणत्या धातूला बाधतो याच्या जोड्या ठरलेल्या आहेत. पारा ॲल्युमिनियमला आणि पितळेला बाधतो. लोखंडाशी मात्र त्याचे सहसा जमत नाही, म्हणून तर पारा पूर्वापार लोखंडी बाटल्यांतून विकला जाई. वितळलेले कथील आणि डाक ताणाखालच्या पितळेला चिरतात. जस्त पोलादाला बाधते, बिस्मथ तांब्याला. जोडी जुळली, ओलावा जमला आणि ताण असला, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की भेग पडते. त्यांतली एक काढून घेतली की धोका टळतो.

ताण म्हणजे केवळ वरून टांगलेले वजन नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. ठोकताना, वाकवताना, वेल्डिंग करताना धातूच्या आतच ताण कोंडून राहतो. वस्तू टेबलावर निवांत पडलेली असते, तिच्यावर कसलाही भार नसतो, आणि तरीही तिच्या पोटात एक भाग दुसऱ्याला ओढत असतो. हे नाशिककरांना पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. जुन्या नाशकात तांबट लेनमधून जाताना हातोड्यांचा जो ठेका ऐकू येई, त्यातच हे ज्ञान होते. तांबट पत्रा ठोकतो, ठोकता ठोकता तो कडक होतो, मग तो भट्टीत तापवून मऊ करतो आणि पुन्हा ठोकतो. 'तापवले नाही तर फाटेल' हे त्याला आजोबांनी सांगितलेले असते. त्याच्या आजोबांनी ताण मोजला नव्हता, पण तो उतरवायचा कसा हे त्यांना ठाऊक होते. कल्हईवालाही आधी भांडे तापवतो, मग नवसागर टाकून कथील फिरवतो. कथील २३२ अंशांना वितळते, म्हणून त्याला भांडे तापवावेच लागते. त्या तापवण्यात पितळेतला ताणही काहीसा उतरून जातो. पोचा काढण्यासाठी नुकतेच ठोकलेले पितळेचे भांडे न तापवता घाईने डाक लावायला घेतले, तर चीर पडण्याचा संभव असतो.

पितळेच्या या स्वभावाचा इंग्रजी फौजेला हिंदुस्थानात मोठा फटका बसला. बंदुकीच्या काडतुसाची नळी ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त अशा पितळेची असते. पावसाळ्यात साठवलेली काडतुसे न वापरताच गोळीजवळच्या आवळलेल्या भागाशी तडकत. पावसाळा सरला की प्रकार थांबे, म्हणून तिला ऋतूची भेग असे नाव पडले. देवळालीसारख्या छावण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना जुन्या फौजेत घोड्यांचे तबेले किती असत याची कल्पना येईल. काडतुसे अशा तबेल्यांच्या आसऱ्याने ठेवली जात. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी उलगडा केला. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, हवेतला दमटपणा आणि नळी आवळताना पितळेत कोंडलेला ताण या तिघांच्या संगनमताने भेग पडत होती. उपाय साधा निघाला. तयार नळ्या मंद आचेवर तापवून घ्यायच्या, म्हणजे कडकपणा राहतो आणि ताण उतरतो. आमच्या तांबटाचाच उपाय, फक्त अंश मोजून केलेला.

अमोनियाने पडलेली भेग ही द्रवधातूची भेग नव्हे, तिचा प्रकार वेगळा. परंतु पितळेत धोकादायक ताण कोंडला आहे की नाही हे ओळखण्यासाठी जी चाचणी रूढ झाली, तिच्यात द्रवधातूलाच कामाला लावलेले आहे. पाऱ्याच्या नायट्रेटच्या द्रावणात पितळेचा नग बुडवतात. त्यातला पारा पितळेवर जमून पृष्ठभाग ओला करतो. आत ताण असेल तर नग थोड्याच वेळात तडकतो, नसेल तर तसाच राहतो. अमोनियाला जे करायला एक पावसाळा लागे ते पारा अर्ध्या तासात करून दाखवतो. पाऱ्याच्या विषारीपणामुळे ही चाचणी आता मागे पडत आहे. आम्ही शिकलो तेव्हा मात्र तिच्याकडे पाहूनच आम्हांला प्रथम कळले की एखादी आपत्ती नीट ओळखली तर तिचेच उपकरण करता येते.

एवढे झाल्यावर पंगतीतल्या त्या गृहस्थांचा प्रश्न घेऊ. भेग पडते हे कळले. ती मोजायची कशासाठी?

कापडाचा दुकानदार ताग्यातून कापड फाडण्याआधी कात्रीने काठाला लहानसा छेद देतो. छेद नसेल तर दोन्ही हातांचा जोर लावूनही कापड फाटत नाही. छेद असला की सहज फाटत जाते. धातूचेही तसेच आहे. ग्रिफिथ या ब्रिटिश अभियंत्याने गेल्या शतकाच्या विशीत काचेवर प्रयोग करून दाखवले की वस्तू किती भार सोसेल हे तिच्यातल्या भेगेच्या लांबीवर अवलंबून असते. पुढे १९५७ साली अमेरिकेतील अर्विन यांनी ते धातूंना लागू पडेल असे मांडले. त्याचा सारांश असा की भेगेच्या टोकावरची ओढ ही भार आणि भेगेच्या लांबीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते. भेग चौपट लांब झाली तर टोकावरची ओढ दुप्पट होते, म्हणजे सुरक्षित भार निम्म्यावर येतो. प्रत्येक धातूसाठी या ओढीची एक मर्यादा असते. ती ओलांडली की भेग धावते. साध्या हवेत ही मर्यादा बरीच वर असते. तोच धातू त्याला बाधणाऱ्या द्रवधातूने ओला झाला की मर्यादा मूळच्या लहानशा अंशावर येते. ती नेमकी किती खाली येते, आणि ओलांडल्यावर भेग किती वेगाने धावते, हे दोन आकडे हाती असतील तरच अभियंता सांगू शकतो की ही टाकी चालेल, हा पाइप बदला, हा सांधा तापवून घ्या. आकडे नसतील तर उरते ते नशीब.

वेगाविषयी थोडे सांगतो, कारण आम्हांलाही प्रथम तो खरा वाटला नव्हता. विमानात वापरले जाणारे ॲल्युमिनियमचे बळकट मिश्रधातू खाऱ्या पाण्यात ताणाखाली ठेवले तर भेग वेगात असतानाही दिवसाला सुमारे मिलिमीटरभर सरकते. तेच पाऱ्याने ओले केले तर भेगेचा वेग सेकंदाला सेंटिमीटरांच्या मापात जातो. प्रयोगाचा नमुना हातभरही नसतो. भेग त्यातून आरपार जायला एखादा सेकंद पुरतो. डोळा सूक्ष्मदर्शकाला लावून दर मिनिटाला वहीत नोंद करण्याची जुनी रीत येथे कुचकामी ठरते. नोंद घेणाऱ्या यंत्राने सेकंदाला शेकडो वाचने टिपली पाहिजेत.

दुसरी अडचण दिसण्याची. भेगेचे टोक पाहावे म्हणून नमुन्याची बाजू आरशासारखी घासून ठेवतात. पण द्रवधातू त्याच बाजूवर पसरून चकाकतो आणि टोक त्या चकाकीत लपते. शिवाय बाजूवर दिसते ती भेगेची कड. पोटात ती पुढे गेलेली असू शकते.

तिसरी अडचण सर्वांत मजेदार, आणि आमच्या ब्रॅकेटशी तिचे जवळचे नाते आहे. भेग मोजण्याची एक उत्तम विद्युत् पद्धत आहे. नमुन्यातून ठरावीक प्रवाह सोडतात आणि भेगेच्या दोन्ही बाजूंमधला विद्युत् दाब मोजतात. द्राक्षबागेकडे जाणाऱ्या पाटात आडवा बांध घातला तर पाण्याला वळसा घालावा लागतो. बांध जितका लांब तितका वळसा मोठा. भेग म्हणजे हा बांध. ती वाढली की विजेचा वळसा वाढतो, आणि त्यासरशी दाबही वाढतो. दाबावरून भेगेची लांबी काढता येते. हवेत, तेलात, पाण्यात ही पद्धत विश्वासाने वापरावी. पण भेग धातूनेच भरली असेल तर? तो बांध नव्हेच, ती चाळण झाली. पारा ॲल्युमिनियमपेक्षा सुमारे पस्तीसपट वाईट वाहक आहे, तेव्हा थोडा तरी अडथळा होईल असे आम्हांला वाटे. एकदा कागदावर हिशेब मांडला. भेगेची रुंदी मिलिमीटरचा शंभरावा भाग धरली. तेवढा पारा ओलांडणे म्हणजे विजेला ॲल्युमिनियमचा जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर चालावे लागणे. वळसा घालायचा तर वीस-तीस मिलिमीटर. वीज कोणती वाट धरील हे सांगायला नको. भेग धावत राहते आणि मापकाचा काटा जवळपास जागचा हलत नाही. पोलाद आणि जस्ताची गोष्ट याहून वाईट. गॅल्व्हनाइझिंगच्या कुंडाचे तापमान सुमारे ४५० अंश असते. त्या तापमानाला पोलादाची वाहकता इतकी घटते की द्रव जस्त त्याच्या तोडीस तोड ठरते. भरलेली भेग विजेच्या दृष्टीने भेगच नसते.

म्हणून अशा कामात विजेऐवजी उघडीप मोजतात. नमुना चिमट्याच्या आकाराचा घेतात, दोन पाती आणि मध्ये चीर असा. पाती ओढली की चीर उघडते. भेग जितकी लांब तितकी पाती लांब, आणि लांब पाते अधिक वाकते. हे वाढणे साध्या प्रमाणात नसते. भेग दुप्पट झाली तर तेवढ्याच भाराला उघडीप आठपट होते. पातळ स्प्रिंगच्या मापकाने ही उघडीप मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत वाचता येते, आणि भेग कशाने भरली आहे याच्याशी या मापकाला काही कर्तव्य नसते. तापलेल्या कुंडात मापक बुडवता येत नाही, तेव्हा लांब दांड्यांनी उघडीप बाहेर आणून वाचतात. या पद्धतीलाही मर्यादा आहे. मऊ पोलादाची पाती कायमची वाकली तर तीही उघडीप म्हणून मोजली जाते आणि भेग आहे त्याहून मोठी भासते. म्हणून भार अधूनमधून थोडा उतरवून पाती किती परत येतात ते पाहावे लागते. परत येते तेवढीच उघडीप खरी धरायची.

शेवटचा निवाडा मात्र नमुना तोडूनच होतो. प्रयोग संपला की तो थंड करून उरलेला भाग जोर लावून तोडतात. जेथपर्यंत द्रवधातू पोचला तेथपर्यंत चकाकी आणि पुढे करडा, तंतुमय भंग असा सीमेचा स्पष्ट काठ दिसतो. हा काठ सरळ नसतो, मध्ये फुगलेला असतो, म्हणून त्याची लांबी नऊ ठिकाणी मोजून सरासरी घेण्याची रीत आहे. येथेही गाफील राहून चालत नाही. प्रयोगानंतर द्रव पातळच राहिला तर तो ताज्या भंगावर ओघळतो आणि काठ खोटा पडतो. जस्ताच्या बाबतीत निरोधक मिसळलेल्या आम्लाने थर उतरवून खालचे पोलाद तपासतात.

हे सारे प्रयोगशाळेचे लाड वाटतील. ऑस्ट्रेलियातील मूम्बा येथे नैसर्गिक वायूच्या प्रकल्पात १ जानेवारी २००४ रोजी स्फोट झाला. वायूबरोबर जमिनीतून येणारा पाऱ्याचा अंश ॲल्युमिनियमच्या उष्णता विनिमयकात साठत गेला होता आणि त्याच्या तोंडाशी असलेला भाग याच ठिसूळपणाने फाटला होता. विमानात पाऱ्याच्या उपकरणांवर कडक निर्बंध असतात तेही यामुळेच. ओझरच्या कारखान्यात १९६४ पासून विमानांचे काम चालते, तेथे काम केलेले आपल्या भागातले जुने कामगार याविषयी अधिकाराने बोलतील. मोटारींच्या कारखान्यांत प्रश्न जस्ताचा आहे. गंजू नये म्हणून पत्र्यावर जस्त असते, आणि स्पॉट वेल्डिंगच्या क्षणी ते वितळून नव्या अतिबळकट पोलादाच्या कणसीमांत घुसू पाहते. जितके पोलाद बळकट तितका त्यातला ताण मोठा, आणि म्हणून पत्रा पातळ करून वजन वाचवण्याची आजची धडपड या भेगांना आमंत्रण देते. वेल्डिंगच्या ठशाच्या कडेला या भेगा दिसतात, केसाएवढ्या. त्यांतल्या कोणत्या निरुपद्रवी आणि कोणत्या घातक, यावर जगभर मोजमाप चालू आहे.

गॅल्व्हनाइझिंगमध्ये काय टाळावे याची उत्तरे बऱ्यापैकी हाती आली आहेत. जर्मनीत कुंडात पडलेल्या भेगांच्या प्रकरणांनंतर २००९ साली जी मार्गदर्शिका निघाली तिच्यात जस्तात कथील, शिसे आणि बिस्मथ किती असावे यावर मर्यादा घातल्या आहेत. हे धातू थोडे मिसळले तर जस्त अधिक पातळ वाहते, मुलामा देखणा येतो, पण भेगेचा धोका वाढतो. गॅसने कापलेल्या कडा घासून गुळगुळीत कराव्यात, कोपरा एकदम काटकोनात न घेता गोलाई द्यावी, थंड वाकवलेला नग शक्य तर ताण उतरवून घ्यावा, कुंडात रेंगाळत न बुडवता सलग बुडवावा. यांतल्या बहुतेक गोष्टी वेल्डर आणि फिटर यांच्या हातातल्या आहेत, साहेबाच्या नव्हेत. ग्राइंडरचे पाच मिनिटांचे काम वाचवले जाते आणि कडेवरचा खरबरीत दात दुकानदाराच्या कात्रीचा छेद होऊन बसतो.

आमच्या ब्रॅकेटची कड अशीच होती. तुटलेला तुकडा पाहिल्यावर आम्ही त्याच लॉटचे उरलेले नग परत मागवले आणि या वेळी चुंबकीय भुकटीची चाचणी केली. पोलाद चुंबकित करून त्यावर लोहाची बारीक भुकटी टाकतात. जस्त अचुंबकीय आहे. भेग जस्ताने काठोकाठ भरलेली असली तरी चुंबकाच्या दृष्टीने ती पोकळच असते, तिच्यातून चुंबकीय रेषा बाहेर फुटतात आणि भुकटी तेथे गोळा होते. तीन नगांवर कोपऱ्यापासून निघालेली काळी रेघ उमटली. लाल रंगाला जे दिसले नाही, विजेला जे दिसले नसते, ते या भुकटीने काही क्षणांत दाखवले. चाचणी नवी नव्हती, उपकरण आमच्याच कपाटात होते. भेग रिकामी असते असे आम्ही गृहीत धरले होते, आणि गॅल्व्हनाइझ केलेल्या मालाला डीपी पुरेशी नाही हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते. आम्ही लेखी चूक कबूल केली. तेव्हापासून जस्ताच्या मालाला आम्ही केवळ डीपीवर सही करीत नाही. घाई असली, बाहेर गाडी उभी असली, तरीही नाही. यावरून आमचे काहींशी खटकेही उडाले.

घरच्या वाचकांसाठी एवढेच : ताप मोजण्याचा काचेचा थर्मामीटर अजून अनेक घरांत आहे. तो फुटला तर पारा ॲल्युमिनियमच्या कुकरवर, पातेल्यावर किंवा शिडीवर पडू देऊ नये. पडलाच आणि पृष्ठभाग खरवडलेला असला तर काही वेळाने त्या जागी पांढरे तंतू उगवताना दिसतील. ती वस्तू पुन्हा वापरू नये, शिडी तर मुळीच नाही. सांडलेला पारा झाडूने न ढकलता आणि हात न लावता कागदाच्या घडीने गोळा करून झाकणाच्या बाटलीत भरावा, खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

त्या तुटलेल्या ब्रॅकेटचा कोपरा आम्ही जपून ठेवला आहे. भंगाच्या मध्यभागी जस्ताची चकाकी १७ मिलिमीटर आत गेलेली आहे, कडांना त्याहून कमी. नऊ ठिकाणी मोजलेली मापे एका चिठ्ठीवर लिहून सोबत बांधली आहेत. शाळेच्या प्रयोगशाळेच्या कपाटात तो ठेवावा अशी विनंती आम्ही मुख्याध्यापकांना केली आहे. त्याच्याबरोबर न तुटलेला पण भेग असलेला एक नग, पट्टीचुंबक आणि भुकटीची डबी देत आहोत. विद्यार्थ्यांनी आधी नुसत्या डोळ्यांनी त्या नगावर भेग शोधावी, मग भुकटी टाकावी.